नाटकाच्या फोटोंसाठी फुल-फ्रेम: २४ मेगापिक्सेल की ४५?

तिसरी_घंटा
दादरला शिवाजी मंदिरात प्रयोगांचे फोटो काढायचे आहेत. लेन्स ७०-२०० एफ २.८, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० ते ६४००, शटर १/२००. प्रेक्षागृहात खटखट नको म्हणून सायलेंट मोड, म्हणजे मेकॅनिकल शटर न वापरता. निकॉन झेड६ टू (२४ मेगापिक्सेल) घ्यावा की झेड७ टू (४५)? मोठा पिक्सेल म्हणजे कमी नॉइज (फोटोतले दाणे), हे कितपत खरं? प्रिंट जास्तीत जास्त १२ बाय १८ इंच.

सावली
पिक्सेलच्या आकारावर अडू नका. दोन्ही सेन्सर फुल-फ्रेम, म्हणजे ३६ बाय २४ मिमीचेच, त्यामुळे एक्स्पोजर तेच असेल तर एकूण उजेडही तेवढाच. शंभर टक्के झूमवर ४५ ची फाइल दाणेदार दिसते, कारण ती जास्त मोठी करून पाहिली जाते. तीच ६०४८ पिक्सेल रुंदीला आणा, मग ६४०० ला फरक शोधावा लागेल. तुमच्या प्रिंटला ३०० डीपीआयने ५४०० बाय ३६०० पिक्सेल पुरतात. झेड७ टूची खरी गंमत आयएसओ ६४ ला. तेवढा उजेड नाटकात कुठला?

विंगेतून
नॉइजपेक्षा इथे रीडआउट, म्हणजे सेन्सर वाचायला लागणारा वेळ, नडतो. सायलेंट मोडमध्ये सेन्सर एकेक ओळ वाचत जातो. झेड६ टूला अख्खी फ्रेम वाचायला सुमारे १/२० सेकंद लागतो, झेड७ टूला आणखी जास्त. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधा एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. १/२० सेकंदात पाच वेळा, म्हणजे आडव्या फोटोत पाच पट्टे. चेहऱ्यावर एक गडद पट्टा आला की तो फोटो गेलाच. शटर १/१०० केलं की प्रत्येक ओळीला एक पूर्ण आवर्तन मिळतं आणि पट्टे जातात, पण हाताची हालचाल पुसट होते. डिमरवरचे एलईडी पार (रंगमंचावरचे दिवे) मात्र स्वतःच्या वारंवारतेने लुकलुकतात. तिथे १/१०० ची खात्री धरू नका.

बजेट ताणता आलं तर झेड६ थ्री बघा. २०२४ चा अंशतः स्टॅक्ड, म्हणजे जलद वाचला जाणारा सेन्सर, रीडआउट सुमारे १/७० सेकंद. आयएसओ १०० ला सावल्या उचलल्या (गडद भाग नंतर उजळले) तर नॉइज थोडा जास्त येतो, पण ८०० च्या पुढे तो तोटा जवळपास उरत नाही. नाहीतर झेड६ टू घ्या आणि रंगीत तालमीलाच मेकॅनिकल शटरने फोटो काढा.

तिसरी_घंटा
सेकंडहँड झेड६ टू घेताना सेन्सर कसा तपासू?

सावली
एफ १६, फोकस अनंतावर, दुकानाबाहेर येऊन मोकळ्या आभाळाचा फोटो. डाग दिसले तर ब्लोअर मारून परत एक. धूळ सरकते; कोटिंगवरचा ओरखडा तिथेच राहतो, तशी बॉडी घेऊ नका. मग लेन्सला कॅप लावून, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करून ३० सेकंद. दोन-चार रंगीत ठिपके चालतात.

विंगेतून
आणि निळ्या प्रकाशात तिन्ही रंगांच्या एकत्र हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) विसंबू नका. निळं चॅनल आधी फुटतं, म्हणजे त्यातला तपशील जातो, आणि कपाळावर सपाट निळा डाग उरतो. आरजीबी (रंगवार) हिस्टोग्राम लावा, निळा उजव्या भिंतीला टेकला की एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली आणा (एक स्टॉप खाली म्हणजे निम्मा उजेड).