वेडेलिया उतारावरून माडांच्या आळ्यांत शिरलाय, मुळासकट कसा काढावा?

माडाची_सावली

नमस्कार मंडळी. जागा रत्नागिरी तालुक्यात, समुद्रापासून चारेक किलोमीटर आत. घरामागच्या उतारावर (30 फूट लांब, वरून खाली 20 फूट) माती धरून राहावी म्हणून वेडेलिया लावलेला आहे. पिवळी फुलं, चकचकीत पानं, नर्सरीत सिंगापूर डेझी म्हणूनही मिळतो तोच. तो आता गडग्याच्या (रचलेल्या दगडी बांधाच्या) फटींतून खाली उतरून बागेत पसरलाय. साधारण 900 चौरस फूट व्यापलेत, त्यात 2 माड, 8 पोफळी आणि उरलेली मोकळी जमीन. तांबडी माती, दीड-दोन फुटांखाली जांभा. माड-पोफळींना ठिबक आहे. विहीर 25 फुटांवर, आणि बागेच्या खालच्या अंगाला पऱ्या (लहान ओढा).

या पावसाळ्यात दोनदा ग्रास कटर मारला. दोन्ही वेळा तीन आठवड्यांत आधीपेक्षा दाट उगवला. गणपतीनंतर मजूर मिळतील. तेव्हाच काढावा की उन्हाळ्यापर्यंत थांबावं? तणनाशक चालेल का? काढलेला पाला टाकायचा कुठे? आणि उतारावरचा ठेवला तर चालेल का?

खुरपं

आधी ग्रास कटर बंद करा. वेडेलियाचं खोड जमिनीवर लोळत जातं आणि जिथे पेर (खोडावरची गाठ) मातीला टेकतं तिथे मूळ धरतं. कटरची दोरी एका वेलाचे दहा तुकडे करते आणि ते चहूकडे उडवते. पावसात एक पेर असलेला बोटभर तुकडाही रुजतो. तुम्ही दोनदा कापणी नाही, दोनदा लावणी केलीत. याचं बी फारसं रुजत नाही, पसारा जवळजवळ सगळा तुकड्यांचाच असतो. ही गोष्ट आपल्या फायद्याची आहे. जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहणारं बियाणं नसल्यामुळे पेरं नीट उचलली तर हा संपतो.

वेळेबद्दल: गणपतीनंतर लगेच नको, पाऊस पूर्ण जाऊ द्या. ऑक्टोबरची अखेर ते नोव्हेंबर ही कोकणात सर्वांत चांगली वेळ. तेव्हा माती अजून मऊ असते, त्यामुळे वेल ओढला की मूळ सबंध येतं. आणि नंतर जूनपर्यंत सहसा पाऊस नाही, म्हणून हातून सुटलेले तुकडे ओल न मिळाल्याने वाळतात. एप्रिल-मेमध्ये तांबडी माती विटेसारखी होते, वेल पेराशी तुटतो, खालचं पेर मातीत राहतं आणि मृगाच्या पावसात पुन्हा वर येतं. तोवर एवढंच करा की नवीन जागेत शिरणारी टोकं दर दहा-पंधरा दिवसांनी विळ्याने कापून उचलून आणा. तिथेच टाकू नका.

काढताना कडेकडून आत या, मधून सुरुवात केली की पायांनी तुकडे पसरतात. पहिल्या दिवशी विळ्याने वरचा गालिचा चार-पाच बोटं ठेवून कापा आणि दाताळ्याने गुंडाळत आणा, सतरंजी गुंडाळतात तसा. तो थेट ताडपत्रीवर. मग खाली उरलेली रुजलेली पेरं दिसतात. ती खुरप्याने किंवा लहान कुदळीने 8-10 सेंटिमीटर खोलीपर्यंत उकरून काढायची. फूट येते ती पेरातून, त्यामुळे पांढरी केसाळ मुळं थोडी राहिली तर चिंता नाही, पण तपकिरी खोडाचा तुकडा राहता कामा नये. उताराच्या पायथ्याशी वरून माती वाहून आलेली असते, तिथे पेरं वीतभर खोलही गाडलेली सापडतात. तिथे घाई नको.

माडाच्या आळ्यात मात्र कुदळ चालवू नका. बुंध्यापासून 1.8 मीटरच्या आतच माडाची बहुतेक कामाची मुळं असतात, ती तुटतात. आळ्यात फक्त खुरपं, तेही आदल्या संध्याकाळी पाणी देऊन. पोफळीची मुळं आणखी वर असतात, तिथे हातानेच उपटलेलं बरं.

मजुरीचा अंदाज: इतका दाट गालिचा असेल तर एक माणूस दिवसाला 100 ते 150 चौरस फूटच नीट साफ करतो. म्हणजे दोन माणसांचे तीन ते पाच दिवस. एका दिवसात उरकून देतो म्हणणाऱ्याला काम देऊ नका. तो वरचा पाला नेईल आणि पेरं तुमच्याकडे ठेवून जाईल.

खरा प्रश्न त्यानंतरचा. पहिले दोन महिने दर 15 दिवसांनी फेरी, मग महिन्यातून एक. कोरड्या दिवसांत नवी फूट बहुतेक ठिबकच्या ओलीतच दिसेल, त्यामुळे शोधणं सोपं जातं. तिथे आणि गडग्याच्या पायथ्याशी रोज पाच मिनिटं नजर टाका. जून-जुलैत पुन्हा दर आठवड्याला बघावं लागेल. एक पावसाळा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून.

आणि एक, गालिचा गुंडाळण्याआधी काठीने आपटून घ्या, गमबूट घाला, हात थेट पाल्यात घालू नका. जांभ्याच्या भागात फुरसं (विषारी साप) असतंच, आणि वेडेलियाच्या खालचा थंडावा त्याला फार आवडतो.

हिरवा_कोपरा

मजूर मिळत नसतील तर एप्रिल-मेमध्ये प्लास्टिक अंथरूनही मारता येतो. वरचा पाला कापून उचला, जमीन भिजवा, 25 ते 50 मायक्रॉनचा पारदर्शक कागद ताणून अंथरा आणि चारही कडा 15 सेंटिमीटर मातीत गाडा. 30 ते 45 दिवस. कागद आणि जमीन यांच्यात पोकळी राहिली किंवा कड उघडी पडली की उष्णता धरत नाही. काळा कागद नको, या कामाला पारदर्शकच जास्त तापतो.

खुरपं

@हिरवा_कोपरा, पद्धत बरोबर आहे, पण कडक ऊन दिवसभर लागेल तिथेच. यांच्याकडे मधली मोकळी जमीन असेल तिथे करा. माडाखाली तिरीप येते, त्याने फक्त ऊबदार ओल मिळेल आणि वेल कागदाखाली आणखी लांबेल. शिवाय माती जिथे तापते तिथे वरची बारीक मुळंही भाजतात, म्हणून आळ्यांवर कधीच नको.

सावलीत पुठ्ठा वापरा. पाला आणि पेरं काढून झाल्यावर पुठ्ठ्याचे दोन थर, सांध्यांवर वीतभर एकावर एक चढवून, भिजवून. चिकटपट्टी आणि पिना आधी काढून टाका. वर 10-15 सेंटिमीटर पातेरा (वाळका पाला) किंवा नारळाची सोडणं. सोडणं पालथी ठेवा, उताणी ठेवलीत तर अवकाळी पावसात पाणी साचून डास होतात. बुंध्यापासून फूटभर आणि घराच्या जोत्यापासून तीन फूट जागा सोडा, पुठ्ठ्याला वाळवी लागते. नोव्हेंबरात घातलेला पुठ्ठा जूनपर्यंत टिकतो, आपल्या पावसात मात्र दोन-तीन महिन्यांत त्याचा लगदा होतो. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर घालण्यात अर्थ नाही. आणि काढणी न करता नुसता पुठ्ठा टाकलात तर वेल कडेपर्यंत सरकत जाऊन पलीकडे डोकं काढतो.

वनस्पती_ओळख

काढण्याआधी ओळख पक्की करा, कारण ओलसर जागी आपला पिवळा माकाही वाढतो आणि तो काढून टाकण्यासारखा नाही. पिवळा माका म्हणजे स्फॅग्नेटिकोला कॅलेन्ड्युलेसिया, वेडेलिया म्हणजे स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा. एकाच प्रजातीतल्या (जीनसमधल्या) या दोन वेगळ्या जाती आहेत आणि फुलं दोघांची पिवळी, त्यामुळे फुलावर जाऊ नका. पान बघा. पिवळ्या माक्याचं पान लांबट, साधं, कडेला थोडे दाते. वेडेलियाचं पान जाडसर, चकचकीत, आणि टोकाआधी दोन्ही बाजूंना एकेक खाच पडून तीन भाग झाल्यासारखं. सावलीतल्या वेडेलियाची काही पानं बिनखाचेचीही असतात, म्हणून एकाच वेलाची आठ-दहा पानं बघून ठरवा.

पांढऱ्या फुलांचा साधा माका वेगळाच. हे एवढ्यासाठी सांगतेय की माक्याचं तेल करायला वेडेलियाचा पाला खुडून नेणारे लोक आहेत. ते करू नका. तसंच गाभण गाई-शेळ्यांपुढे हा पाला टाकू नका, यात कौरेनॉइक आम्ल असतं आणि ते गर्भाशयावर परिणाम करतं.

मूळचा हा मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या जगातल्या 100 सर्वांत घातक परक्या आक्रमक जातींच्या यादीत घाणेरी आणि रानमोडीच्या बरोबरीने याचं नाव आहे. नर्सरीवाले अजूनही सर्रास विकतात याचं फार वाईट वाटतं. तुमच्या खाली पऱ्या आहे, म्हणून प्रश्न तुमच्या बागेपुरता राहत नाही. एक ओंजळभर तुकडे पाण्यात गेले तर पुढच्या पावसाळ्यात खालच्या वाडीच्या काठावर हाच गालिचा दिसेल.

माडाची_सावली

सगळ्यांचे आभार. पान बघितलं, तीन भागांचंच आहे. मिठाचं पाणी आणि व्हिनेगर मारा असं एकाने सुचवलंय. त्याबद्दल आणि तणनाशकाबद्दल कुणी सांगेल का? पाल्याचं काय करू तेही राहिलं.

पातेरा

मीठ अजिबात नको. हा वेल समुद्रकाठच्या वाळूत मजेत वाढतो, खारेपणा त्याला चालतो. त्याला मारण्याइतकं मीठ टाकाल तोवर पोफळी पिवळ्या पडलेल्या असतील आणि विहीरही 25 फुटांवरच आहे. व्हिनेगरने पानं करपतात, पेराला काही होत नाही, आठ-दहा दिवसांत नवी पालवी.

तणनाशकांत लोक ग्लायफोसेटचं नाव घेतात. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली, फवारणी परवानाधारक कीड नियंत्रण चालकांकडूनच व्हावी अशी. तो भाग बाजूला ठेवला तरी तुमच्या जागेत ते मला योग्य वाटत नाही. पोफळीचं कोवळं हिरवं खोड आणि खालची पानं फवारा शोषून घेतात. शिवाय गालिचा दाट असला की वरचीच पानं भिजतात आणि खालची पेरं कोरडी राहतात. मग तीन-चार फवारण्या कराव्या लागतात, त्याही विहिरीच्या आणि पऱ्याच्या मधोमध. 900 चौरस फुटांसाठी हातकामच करा.

पाला थेट खतखड्ड्यात टाकू नका. घरगुती ढीग कडेला तापत नाही आणि कडेची पेरं तिथेच रुजतात. नोव्हेंबरात काढणार असाल तर ताडपत्रीवर, जमिनीचा स्पर्श न होता, पातळ पसरून तीन आठवडे वाळवा आणि दर दोन-तीन दिवसांनी उलटा. खोड मोडलं की कटकन तुटलं पाहिजे. वाकत असेल तर अजून जीव आहे. पूर्ण वाळलेला पाला आळ्यात आच्छादनाला चालतो.

आत्ता पावसात कापलेली टोकं वाळणार नाहीत. ती 200 लिटरच्या पिंपात पाण्याखाली बुडवा, वर दगड ठेवून. वरती तरंगणारा भाग हिरवा राहतो, म्हणून दगड हवाच. झाकण घट्ट लावा, नाहीतर डासांची पैदास. पाच-सहा आठवड्यांत कुजून काळं पाणी होतं, ते दसपट पाण्यात मिसळून माडाला घाला. खाली उरलेला गाळ हाताने चाचपा, टणक पेर लागलं तर परत पिंपात.

खुरपं

एक राहिलं. साफ झालेली जमीन उघडी ठेवू नका. जूनमध्ये तिथे 30 सेंटिमीटर अंतराने हळद लावा. तिची पानं सावली धरतात, ओळींमधून खुरपं चालतं, आणि जानेवारी-फेब्रुवारीत हळद काढताना जमीन आपोआप एकदा उकरली जाते, गाडलेली पेरं वर येतात. पसरणारी दुसरी वेल लावलीत तर तिच्याखाली वेडेलिया दिसणारच नाही.

वनस्पती_ओळख

उताराबद्दल. तो ठेवलात तर खालची सगळी मेहनत दरवर्षी करावी लागेल. जमिनीत पत्रा किंवा चिरा गाडून हा अडत नाही. हराळी जमिनीखालून येते, तिला खोल अडसर लागतो. हा वरून चालतो, त्यामुळे चिऱ्यावरून पलीकडे जातो. ठेवायचाच असेल तर गडग्याच्या वरच्या बाजूला दीड फूट रुंद पट्टी कायम मोकळी हवी आणि पावसाळ्यात दर दहा दिवसांनी तिच्यात आलेली टोकं कापायला हवीत. गडग्याच्या फटींतली पेरं बोटांनी निघत नाहीत. लोखंडी सळईने उकरा आणि फटी चिखल-चुन्याने लिंपून घ्या.

माझं मत काढून टाकण्याचं आहे. याची मुळं उथळ असतात. वरची दोन-चार बोटं माती धरते, पण खालची ओली माती सरकू लागली की गालिचासकट घसरते. तिथे वाळा लावा. त्याची मुळं सरळ खाली जातात, खाली जांभा लागला तरी भेगांत शिरतात. ऊन मात्र हवं.

एकदम सगळा उतार उघडा करू नका. समपातळीत आडव्या चार ओळी आखा, 5 फुटांच्या अंतराने. येत्या जूनमध्ये, पाऊस बसल्यावर, प्रत्येक ओळीवर दीड फूट रुंद पट्टी वेडेलियामुक्त करून वाळ्याची फुटवे असलेली रोपं 15 सेंटिमीटरवर लावा. 30 फुटांच्या ओळीला 60 रोपं, चार ओळींना 240. मर धरून 265 आणा. पानं वीतभर ठेवून छाटा, मुळं चार बोटं. पहिल्या पावसाळ्यात वेडेलिया त्यांच्यावर चढू देऊ नका, सावलीत वाळा दमतो. ओळी दाट बांधल्या गेल्या, म्हणजे साधारण दुसरा पावसाळा संपला, की मधल्या पट्ट्या वरून खाली एकेक करून काढा. वरून खाली अशासाठी की तुटलेलं पेर घरंगळलं तरी खालच्या, अजून काढायच्या पट्टीतच पडेल.

माडाची_सावली

समजलं. ग्रास कटर आजपासून बंद, पिंप आणून ठेवतो. दिवाळी झाल्यावर खालची बाग, जूनमध्ये वाळा. गडग्याच्या वरची दीड फुटाची पट्टी उद्याच मोकळी करायला घेतो. त्या पट्टीत खडी टाकली तर चालेल का?

खुरपं

खडी नको. खडीत ओल टिकते, पेरं तिच्यात रुजतात आणि उपटताना तुटतात. उघडी चोपलेली माती ठेवा, आलेलं टोक लांबूनच दिसलं पाहिजे.