लडलो एका दिवसात होईल का?

माहीमकर: सप्टेंबरात आईबाबांना घेऊन लंडनला जातोय. इंग्लंडातलं बाजारपेठेचं एखादं जुनं गाव नीट बघायचंय, म्हणून श्रॉपशरमधलं लडलो ठरवलंय. सकाळी जाऊन रात्री परतता येईल का? कोणता वार धरू? बाबांचे गुडघे दुखतात.

रेल्वेवेडा: मुक्काम कराच. लंडनहून थेट गाडी नाही. लंडनच्या यूस्टन स्टेशनहून क्रू किंवा पॅडिंग्टन स्टेशनहून न्यूपोर्ट गाठून गाडी बदलायची. जायलाच साधारण साडेतीन तास. तिकीट सलग एकच काढा. पहिल्या गाडीला उशीर होऊन पुढची चुकली, तर त्याच तिकिटावर नंतरची मिळते. बाजार सोम, बुध, शुक्र, शनि. दुपार उलटली की आवराआवर सुरू होते, तेव्हा सकाळीच जा.

चुनखडी: गाव बाराव्या शतकात आखलेलं. किल्ल्याच्या दारापासून रुंद बाजाररस्ता निघायचा. त्याच्या मधोमध लागणारे ठेले हळूहळू पक्के झाले, वर माड्या चढल्या आणि हार्प लेनसारख्या बोळी उरल्या. टपरीचं दुकान कसं होतं हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको!

ब्रॉड स्ट्रीटवर नुसते दर्शनी भाग बघून पुढे जाऊ नका. समोर अठराव्या शतकातली विटांची भिंत असते, मागे बऱ्याचदा त्याहून जुना ओकच्या लाकडाचा सांगाडा. बाजूच्या बोळात शिरलात तर चौकटी दिसतील. त्या भरायला काठ्यांचं विणकाम, त्यावर मातीचा लेप आणि चुना. चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट थापलं की पाणी आत अडकतं आणि तळाची आडवी तुळई आधी कुजते. ओकचं काम उघडं बघायचं तर फेदर्स हॉटेल, १६१९ चं.

माहीमकर: आणि किल्ला? चढ किती?

इतिहासप्रेमी: किल्ला, बाजारचौक आणि चर्च वरच्या सपाटीवर, जवळजवळ आहेत. स्टेशनवरून वर यायला टॅक्सी करा. ब्रॉड स्ट्रीट मात्र थेट टीम नदीकडे उतरतो; बाबांना खाली नेऊ नका, वरच्या टोकाला बटरक्रॉस नावाची इमारत आहे, तिच्यापाशी उभं राहूनही सगळा रस्ता दिसतो. किल्ल्यातलं गोल नॉर्मन प्रार्थनाघर चुकवू नका. प्लासीच्या क्लाइव्हच्या मुलाने १८११ साली हा किल्ला विकत घेतला. सेंट लॉरेन्स चर्चमध्ये गायकांच्या बाकांच्या उचललेल्या आसनांखालचं कोरीवकाम बघा: माप मारणाऱ्या दारूवालीला सैतान उचलून नेतोय, भांडं तिच्या हातातच. मनोऱ्याचा गोल जिना बाबांसाठी नाही.