जुन्या डिझेलचे टॅपेट घरी सेट करावेत की मिस्त्रीकडेच?

मुलुंडची_२४०

थेट मुद्द्यावर येतो. ज्या जुन्या डिझेल इंजिनाचे टॅपेट (वॉल्व्ह म्हणजे झडप आणि ती उघडणारा कॅम यांच्यातली बारीक गॅप) पान्याने सेट होतात, त्यांचं ते काम मालकाने घरीच करावं, सकाळी गाडी सुरू करायच्या आधी. गॅरेजला नेऊ नये. इथल्या निम्म्या मंडळींना हे पटणार नाही, म्हणूनच धागा काढला.

गाडी १९८२ची मर्सिडीज २४० डी, काकांकडून आलेली. पाच-सहा महिने सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची तरी उठायची नाही. ग्लो प्लग (थंड इंजिन पेटायला गरम होणारे) नवे घातले, बॅटरी बदलली, फरक शून्य. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून कान लावला आणि म्हणाला, "टॅपेट एकदम सायलेंट आहेत साहेब, हातच लावू नका."

गोम इथेच आहे. ढिला टॅपेट टकटक करतो, तो बहिऱ्यालाही कळेल. आवळलेला टॅपेट गप्प बसतो. या इंजिनात वॉल्व्ह वापराने हळूहळू सीटमध्ये बसत जातो, त्यामुळे गॅप वाढण्याऐवजी कमी होत जाते. ती संपली की एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) वॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गळतं. डिझेलला स्पार्क प्लग नाही, दाबाने हवा तापेल तेव्हाच ते पेटणार. दाबच नाही तर सकाळी उठणार कशी? शिवाय वॉल्व्ह सीटला टेकतो तेवढ्याच वेळात त्याची उष्णता उतरते. टेकायला मिळालं नाही की तो जळतो, तोही आवाज न करता.

थंड इंजिनाचं माप इनटेक (हवा आत घेणारा वॉल्व्ह) ०.१० मिलिमीटर, एक्झॉस्ट ०.३०. काल सकाळी साडेसहाला मोजलं तर तीन नंबरच्या एक्झॉस्टमध्ये गॅप मोजायच्या गेजची ०.१५ची पत्तीसुद्धा शिरेना. बाकी तीन एक्झॉस्ट ०.२० ते ०.२५च्या मध्ये. सगळे जागेवर आणले. आज पहिल्या सेल्फला उठली.

आता गॅरेज का नको? माप थंड इंजिनाचं आहे. मुलुंडहून भांडुप, कांजूर, विक्रोळी, घाटकोपर करत एलबीएस रोडने कुर्ल्याला पोचेपर्यंत इंजिनाची भट्टी झालेली असते. रात्रभर ठेवा म्हणतात. ठेवणार कुठे? गॅरेजसमोर रस्त्यावर, टोइंगवाल्यांच्या वाटेवर. माझी गाडी मागे एकदा अशीच 'सेट' झाली होती, तापलेल्या इंजिनावर थंडची मापं लावून, माझा चहा संपायच्या आत.

जुना_पाना

चाळीस वर्षं लालबागला हेच केलं, आता हात थरथरतो म्हणून बंद आहे. पोरा, तीन नंबर पकडलास हे चांगलं केलंस. पण 'गॅरेजला नेऊ नये' हे लिहायला नको होतंस. वाचून दहा जण पाना हातात घेतील आणि त्यातले चार जण इंजिन घालवतील.

पहिलं म्हणजे, गरम इंजिनाचं माप कंपनीनेच दिलंय. पाणी साठ डिग्रीच्या आसपास असेल तर ०.१५ आणि ०.३५. तुझ्या मिस्त्रीने थंडचं माप गरमला लावलं ही त्याची चूक. गॅरेज नावाच्या गोष्टीची नाही.

दुसरं. तुझ्याकडे पाने किती होते? दोनच असणार. वर टोपीचा नट, खाली लॉकनट, दोन्हींना चौदाचा वाकडा पाना. आणि तिसरा? स्प्रिंगची वाटी धरायला कंपनीचा तिसरा पाना असतो. तो नसला की नट फिरवताना वॉल्व्हच अख्खा फिरतो आणि माणसाला वाटतं नट फिरला.

तिसरं हाताचं. पत्ती लोण्यातून सुरी गेल्यासारखी गेली तर ढिला. ओढताना पत्ती वाकली तर आवळलेला. मधला जो हलका ओढा असतो तो पुस्तकात छापता येत नाही. आणि लॉकनट घट्ट करताना वरचा नट केसभर फिरतोच. घट्ट केल्यावर परत मोजलंस का?

एक गिऱ्हाईक माझ्याकडे टो करून आलं होतं. घरी टॅपेट केले होते. कॅमचं नाक (उंचवटा) वर आणताना थोडं पुढे गेलं म्हणून त्याने इंजिन उलटं फिरवलं. कॅम फिरवणारी चेन ढिली पडून एक दात सरकली. पुढचं सांगत नाही.

मुलुंडची_२४०

काका, परत मोजलं, दोनदा. इंजिन पुलीच्या सत्तावीसच्या बोल्टवरून फिरवलं, फक्त घड्याळाच्या दिशेने. कॅमच्या बोल्टला हात लावला नाही. एकदा नाक पुढे गेलं तेव्हा निमूट पुन्हा दोन फेऱ्या मारल्या, घाम निघाला.

तिसरा पाना नव्हता, कबूल. नागदेवीला चौदाचे दोन साधे पाने घेतले आणि लोहाराकडून तापवून वाकवून आणले. वाटी फिरतेय का ते टॉर्च लावून बघत होतो.

गरमच्या मापाबद्दल मात्र भांडणार. साठ डिग्री ही वेळ किती टिकते? कव्हर काढेपर्यंत पुढचा वॉल्व्ह एका तापमानाला आणि शेवटचा दुसऱ्याच. रात्रभर उभी गाडी निदान सगळीकडे सारखी थंड असते.

शिम_आणि_सुख

'जुनी डिझेल' एवढं मोघम लिहू नका. महिंद्राच्या जीपमधलं प्यूजोचं इंजिन पुशरॉडचं आहे, रॉकरवर स्क्रू आणि लॉकनट, ते शाळकरी पोरगंही करेल. बकेटवर (वॉल्व्हवरच्या टोपीवर) शिम, म्हणजे ठरावीक जाडीची चकती, असलेली इंजिनं घरी करायला गेलात तर शिम मोजायला मायक्रोमीटर आणि बदलायला शिमचा डबा कुठून आणणार? आणि १९९५ नंतर पुण्यात जुळवलेल्या ई २५० डिझेलला हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने आपोआप जुळणारे, टॅपेट आहेत, तिथे सेट करायला काहीच नाही. आधी आपल्या इंजिनात काय आहे ते बघा, मग घरी की बाहेर यावर भांडा.

बी_विंग_सचिव

मुद्दा टॅपेटचा नाही, पार्किंगचा आहे. मी मुलुंडचाच, पण यांच्या सोसायटीचा नाही (बहुतेक). आमच्याकडे एका सभासदाने असंच घरचं गॅरेज काढलं. फरशीवर तेलाचा डाग पडला, त्यावर पहिला पाऊस पडला आणि जोशीकाकूंची स्कूटी आडवी झाली. नशिबाने लागलं नाही. पुढची सर्वसाधारण सभा दोन तास त्या एका डागावर चालली. पार्किंगची जागा गाडी उभी करायला आहे. तुमचा पाना कितीही घड्याळाच्या दिशेने फिरो.

ट्रॅक्सवाली

बाबांची ट्रॅक्स होती, पेण-पनवेल चालायची. तुमच्या २४० डीमधलं ओएम ६१६ इंजिनच बजाज टेम्पोने पुण्यात लायसन्सवर बनवलं आणि ट्रॅक्समध्ये घातलं. म्हणजे मुंबईत रस्त्यावर तुमच्यासारख्या मर्सिडीज मोजक्या असतील, पण या घराण्याचं इंजिन उघडलेले मिस्त्री महामार्गावर गावोगाव आहेत. तुम्ही ज्याच्याकडे गेलात त्याला बहुधा बॉनेटवरचा तारा बघून घाम फुटला असेल.

बाबांची पद्धत तुम्हा दोघांच्या मधली. मोजायचे स्वतः, फिरवायचे नाहीत. दर दिवाळीच्या सुट्टीत, ट्रिपा बंद असत तेव्हा, अंगणात कव्हर उघडायचे. आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं गेज असायचं, त्यावर तेलाचा हात. त्यांचं सगळं थाउमध्ये (इंचाचा हजारावा भाग), 'चार आणि बारा'. मी वहीत आठही आकडे लिहायचे, इनटेक निळ्या पेनाने, एक्झॉस्ट लाल. मागच्या वर्षीच्या पानाशी ताडून बघायचं. एखादा लाल आकडा दोन वर्षं सलग उतरला की मिस्त्रीला घरी बोलवायचे, गाडी हलवायची नाही. मिस्त्री वही बघूनच कामाला लागायचा.

आणि हो, बारा थाउची पत्ती सगळ्यात जास्त वापरली जाते, ती टोकाला झिजते. झिजलेली पत्ती खुशाल शिरते आणि तुम्हाला वाटतं गॅप बरोबर आहे. गेज नवीन आहे ना?

मुलुंडची_२४०

गेज नवीन आहे. वही नाही. ती मात्र आजच घालतो, लाल पेनासकट.

आठ_बाराची_लोकल

मला एक कळत नाही, मुंबईत चाळीस वर्षांची डिझेल ठेवायचीच कशाला? मुलुंडहून लोकल आहे. तुमचे टॅपेट सेट होतील, मागच्याचं फुप्फुस कोण सेट करणार?

मुलुंडची_२४०

पर्यावरण कर भरतो, पंधरा वर्षं झाल्यापासून दर पाच वर्षांनी आरटीओत दाखवून नोंदणी वाढवतो, पीयूसी काढतो. ऑफिसला लोकलनेच जातो हो, गाडी रविवारची. सकाळी थंड इंजिन अर्धवट जळालेलं डिझेल पांढऱ्या धुराने ओकत होतं, ते आज नव्हतं. तुमचा प्रश्न चुकीचा आहे असं म्हणत नाही, पण तो गाडी विकावी की नाही यावरचा आहे. तो धागा तुम्ही काढा, मी येईन भांडायला.

जुना_पाना

ट्रॅक्सवाली ताईंच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. मिस्त्रीला घरी बोलवायचे, हेच मला म्हणायचं होतं. गाडी थंड राहते आणि हातही जाणता मिळतो.

आता पोरा, एक राहिलं. गाडी उठली म्हणून नाचू नकोस. तीन नंबरचा एक्झॉस्ट किती महिने आवळलेला होता कोण जाणे. गॅप आज बरोबर केलीस, पण वॉल्व्हची कड आधीच जळलेली असेल तर ती गॅपने भरून येत नाही. कॉम्प्रेशन मोज. नवीन इंजिन बावीस ते चोवीस बार दाखवतं. पंधराच्या खाली गेला तो सिलिंडर संपला. आणि चारांत तीन बारपेक्षा जास्त फरक नको. तीन नंबरचा आकडा इथे टाक, मग घरी की गॅरेज यावर पुढचं बोलू.

मुलुंडची_२४०

डिझेलचं कॉम्प्रेशन गेज नाही माझ्याकडे. पेट्रोलचं आहे, ते एवढ्या दाबाला फुटेल.

जुना_पाना

माझ्याकडे आहे, ॲडॅप्टरसकट. रविवारी साडेनऊला मुलुंड स्टेशनला उतरतो, पश्चिमेला. पाना तू धर, आकडा मी वाचतो. आणि मी यायच्या आधी गाडी अर्धा तास फिरवून आण. टॅपेट थंडात बघतात, कॉम्प्रेशन गरम इंजिनावर.

बी_विंग_सचिव

खाली पुठ्ठा अंथरा.