१५०० वॅटची मिनी बाईक घरी बनवायचीय, हब घेऊ की चेन? बॅटरी कुठली? (घणसोली)

घणसोलीकर:
नमस्कार मंडळी, मी आणि माझा भाचा (मेकॅनिकल डिप्लोमा सेकंड इयर, अजून १८ व्हायचाय) दिवाळीच्या सुट्टीत मिनी बाईक बनवायचं म्हणतोय. पेट्रोलवाली नको, आमच्या सोसायटीत कुकरची शिट्टी एक जास्त झाली तरी ग्रुपवर मेसेज पडतो. अ‍ॅक्टिव्हाची पुढची दोन चाकं कुर्ल्याच्या भंगारातून आणलीत, ९०/१००-१० टायरसकट, रबर बरं आहे. आता गाडं अडलंय. भाचा म्हणतो मामा ७२ व्होल्ट ३००० वॅटची हब मोटर लावू, यूट्यूबवर कोणीतरी ९० ने पळवतोय. मी म्हणतो १५०० बास. बजेट ४० हजार, फारच ताणलं तर ४५, त्यापुढे बायको घरात घेणार नाही. तर हब की चेन, बॅटरी रेडीमेड की सेल आणून स्वतः, फ्रेम कुठे वेल्ड करू आणि चालवायची कुठे ते सांगा. पामबीच रोडला पहाटे ५ वाजता चालेल का?

तुर्भेचा_टर्नर:
चेन. डोळे झाकून चेन. हब मोटर चाकातच बसलेली असते, म्हणजे कुर्ल्याहून आणलेलं तुमचं मागचं चाक वाया. शिवाय हबला गिअरिंग बदलता येत नाही, जे आलं ते आलं. आणि ३००० वॅटचा टॉर्क त्या अ‍ॅक्सलवर येतो, टॉर्क आर्म (अ‍ॅक्सल फिरू नये म्हणून फ्रेमला धरून ठेवणारी पट्टी) नीट नसेल तर अ‍ॅक्सल खाचेतच गरकन फिरतो आणि आतून येणाऱ्या वायरी पिळून तोडतो, माझ्याकडे अशी एक मोटर रिपेअरला आली होती, वायरींची अक्षरशः चकली झालेली.

चेनला हिशोब सोपा. तुमच्या टायरचा घेर १ मीटर ३६ सेंटीमीटर. मोटर लोडवर ३००० आरपीएम धरा, पुढे ११ दाती मागे ५४ दाती स्प्रॉकेट म्हणजे चाक ६११ फेरे, म्हणजे ताशी ५०. मागे ६८ दाती टाका, ४० वर येईल पण चढावर रडणार नाही. मागचं स्प्रॉकेट ब्रेक ड्रमच्या विरुद्ध बाजूला, लेथवर अडॅप्टर प्लेट टर्न करून घ्या, सेंटर अर्धा मिमी जरी चुकला तरी चेन एका फेऱ्यात ढिली-ताठ ढिली-ताठ होत राहते आणि शेवटी उतरते. मोटर प्लेटला लांबट भोकं ठेवा, चेन ओढायला लागतेच.

माजिवड्याचा_पक्या:
पामबीच कशाला, येऊरला या ना रविवारी सकाळी, मस्त चढ आहे 😄

सेक्रेटरी_सीवूड्स:
पक्या, येऊर नॅशनल पार्कचं जंगल आहे रे बाबा, फॉरेस्टवाले गाडी ठेवून घेतील आणि तू चालत घरी जाशील.

घणसोलीकर साहेब, जरा स्पष्ट सांगतो. बिननोंदणी, बिनलायसन्स चालते ती इलेक्ट्रिक गाडी म्हणजे २५० वॅटच्या आत आणि ताशी २५ च्या आत, तीसुद्धा टेस्टिंग एजन्सीने पास केलेलं मॉडेल असेल तर. तुमची १५०० वॅटची घरगुती गाडी कायद्याने मोटर वाहनच, पण नंबर मिळणार नाही, म्हणजे इन्शुरन्स नाही. रस्त्यावर आणायचीच नाही, पहाटे ५ काय नि रात्री २ काय. आणि भाचा १८ च्या खाली आहे. मोटर वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडीवर काही गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक अडकतो, ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. इथे मालक म्हणजे मामा. कोणाचं तरी बंद कंपाउंड बघा, मालकाची परवानगी घेऊन.

घणसोलीकर:
बाप रे, हे बहिणीला दाखवलं तर प्रोजेक्ट इथेच संपेल. मित्राचं महापेला गोडाऊन आहे, मागे काँक्रीटचं आवार आहे साधारण ८० मीटर लांब, रविवारी रिकामं असतं. तिथेच चालवू.

ऐरोलीकरीण:
८० मीटरच्या आवारात ३००० वॅट घेऊन करणार काय, पहिल्या ४० मीटरात स्पीड आणि उरलेल्या ४० मध्ये देवाचा धावा.

मी बॅटरी पॅकच्या कामात आहे म्हणून बॅटरीचं मी बोलते. ७२ सोडा. ४८ व्होल्टवाला कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला किती करंट जायचा ते ठरवणारा डबा) घ्या आणि १६ सिरीजचा, म्हणजे एकामागे एक १६ सेल जोडलेला, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅक. नॉमिनल ५१ व्होल्ट, फुल चार्जला ५८.४. हा आकडा का महत्त्वाचा, तर बऱ्याच ४८ वाल्या कंट्रोलरमध्ये आतले कपॅसिटर ६३ व्होल्टचे असतात. लोक जास्त स्पीडच्या नादात १६ सिरीजचा साधा लिथियम आयन पॅक लावतात, तो फुल चार्जला ६७ ला जातो, मग फाट्कन आवाज येतो आणि जळक्या माशासारखा वास. कंट्रोलर उघडून कपॅसिटरवरचा आकडा स्वतः वाचा, डब्यावरच्या स्टिकरवर जाऊ नका.

३२६५० साईझचे ६ एएचचे (अँपिअर-अवर, सेलची क्षमता) सेल, ४ पॅरलल (शेजारी-शेजारी) १६ सिरीज, एकूण ६४ सेल, २४ एएच. जवळपास सव्वा युनिट वीज मावते, ३५-४० किमी आरामात. एलएफपी वजनाला जड पडते पण आग धरायला तिला फार छळावं लागतं, साध्या लिथियम आयनला तेवढं लागत नाही. फक्त व्होल्टेज बघून चार्ज किती उरला ते कळत नाही, ती शेवटपर्यंत ५२ च्या आसपास रेंगाळते आणि मग एकदम बसते, त्यामुळे ब्लूटूथवाला बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) घ्या, ६० अँपिअरचा.

स्वतः जोडणार का हा खरा प्रश्न. स्पॉट वेल्डर नसेल तर नका जोडू. सेलवर सोल्डरिंग करणाऱ्या माणसाला मी घरात पण घेत नाही. निकेल पट्टी म्हणून निकेलचा मुलामा दिलेली स्टीलची पट्टी खपवतात, एक तुकडा घासून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी गंज दिसला तर परत करा. तयार पॅक घेतलात तरी बनवणाऱ्याला हीच टेस्ट समोर करायला सांगा, तोंड बघा त्याचं.

माजिवड्याचा_पक्या:
ताई मग फ्यूज ऐवजी घरातला एमसीबी चालेल का? स्विच पण होतो फ्यूज पण होतो, एकात दोन.

ऐरोलीकरीण:
नाही. घरातला एमसीबी एसीचा असतो. एसीचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसी शून्यावर येतच नाही, आत आर्क चालूच राहतो आणि एमसीबी वितळतो. डीसीचा ६० अँपिअर फ्यूज, पॅकच्या अगदी तोंडाशी. मेन वायर ६ स्क्वेअर मिमीची. कनेक्टर अँटी-स्पार्क घ्या, नाहीतर दरवेळी जोडताना ठिणगी उडून पिना काळ्या पडतात. आणि चार्जिंग झोपताना नाही, दाराच्या वाटेत तर अजिबात नाही, आग लागली तर बाहेर पडायला तीच वाट असते.

कोलशेतचा_काका:
सगळे मोटर-बॅटरीवर बोलतायत, मी थ्रॉटलवर बोलतो कारण माझा गुडघा त्यावर गेलाय.

मी २ वर्षांपूर्वी अशीच बनवली होती. थ्रॉटलला तीन वायरी, लाल ५ व्होल्ट, काळी ग्राउंड, तिसरी सिग्नलची. मी हौसेने सगळ्या वायरी हँडलच्या नेकजवळ (फ्रेमच्या ज्या पाईपात हँडल फिरतं तिथे) केबल टायने करकचून बांधल्या, दिसायला एकदम कंपनी फिटिंग. हँडल डावी-उजवीकडे वळून वळून तिसऱ्या आठवड्यात काळी वायर आतल्या आत तुटली, वरचं प्लास्टिक शाबूत. आता गंमत बघा, ग्राउंड गेला की सिग्नल शून्यावर येत नाही, उलट ५ कडे चढतो. म्हणजे मी मूठ सोडली आणि गाडी फुल थ्रॉटल! समोर चेअरमनच्या कुंड्या होत्या, त्यातली तुळस सोडून सगळ्या घेतल्या. गाडी आडवी पडली तरी मागचं चाक फिरतंय, किल्ली खाली दबलेली, हात घालायची हिंमत होईना. वॉचमन बादली घेऊन आला, त्याला म्हटलं पाणी नको रे, लांब उभा राहा फक्त.

म्हणून नेकला वायर सैल लूप ठेवून सोडा. थ्रॉटल जास्त व्होल्टेजवर गेला की कट करणारा कंट्रोलर घ्या. ब्रेक लिव्हरला कटऑफ स्विच दोन्ही बाजूला. आणि मनगटाला दोरी बांधलेला किल स्विच, तो २०० रुपयांचा असतो, गुडघ्याचा एमआरआय कितीला असतो ते विचारू नका. पहिले दोन दिवस मागचं चाक लाकडी ठोकळ्यावर उचलून चालवा, चालू असताना थ्रॉटलची एकेक वायर मुद्दाम काढून बघा काय होतं ते.

घणसोलीकर:
काका तुमची पोस्ट भाच्याला मोठ्याने वाचून दाखवली. हसला आधी, मग स्वतःच म्हणाला १५०० ठीक आहे.

तुर्भेचा_टर्नर:
ब्रेकचं राहिलं. अ‍ॅक्टिव्हाचा पुढचा ड्रम तुमच्या गाडीला पुरतो, फक्त शू नवीन टाका आणि ड्रमचा अँकर फ्रेमला नीट लॉक करा, नाहीतर ब्रेक मारल्यावर पूर्ण प्लेटच फिरते. आणि फ्रेमला पडद्याचे पाईप आणू नका, निदान २ मिमी जाडीचा ईआरडब्ल्यू (शिवण वेल्ड केलेला स्टीलचा) पाईप आणा. रबाळे एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाले गल्लीगल्लीत आहेत, गेट-ग्रिलवाला नको, मिग वेल्डिंगवाला बघा. आधी फक्त टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके) मारायला सांगा, दोन्ही चाकं चढवून दोरी लावून ती एका रेषेत आहेत का बघा, मगच फुल वेल्ड.

घणसोलीकर:
अपडेट. काल टॅक मारून आणली. घरी पॅसेजमध्ये दोरी लावली तर मागचं चाक ४ मिमी डावीकडे. वेल्डरला फोन केला तर म्हणतो एवढं चालतं साहेब, दिसत नाही.

तुर्भेचा_टर्नर:
चेनला दिसतं. टॅक ग्राइंडरने तोडा, परत लावा. नेक किती अंशावर घेतलाय?

घणसोलीकर:
२५.

तुर्भेचा_टर्नर:
बरोबर आहे. शनिवारी वेल्डरकडे जाताना दोरी सोबत न्या, त्याच्यासमोर लावा.