मदत हवी: एका दिवसाच्या डोंगरवाटेवर परत फिरायची वेळ कशी ठरवायची?

मंडळी, मी आणि एक मित्र दोघंच एका आडबाजूच्या डोंगरी भागात जाणार आहोत, वस्ती नाही, मोबाईलला रेंज नाही, पायवाट नकाशावर आहे पण मध्ये पुसट झालेली. जायला ९ किमी, यायला तेवढेच, चढ एकूण ११०० मीटर. नेस्मिथचा तो १८९२ मधला जुना नियम लावला, ५ किमीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास, तर साधारण साडेपाच तास येतात. मित्र म्हणतो बस की मग, सहाला निघू, दुपारी जेवायला परत.

मला काही हे पटत नाहीये. मागच्या वेळी आम्हाला या हिशोबाच्या दीडपट वेळ लागला होता (त्याचे फोटो आणि माझे गुडघे, दोन्ही मिळून). आणि खरी अडचण वेगळीच आहे, सुरुवातीपासून २ किमीवर एक नदी आहे, वर बर्फ असल्यामुळे पाणी वितळून येतं, पूल नाही. सकाळी घोट्याएवढं असतं म्हणे. मग परत फिरायची वेळ सूर्यास्तावरून मोजू की कशावरून? सूर्यास्त साडेसहाला आहे. सॅकमध्ये हेडटॉर्च, शिट्टी, जॅकेट, ऑफलाइन मॅप आहे, अजून काय?

—

सूर्यास्त विसरा, नदीवरून उलटं मोजा. ऊन वाढलं की बर्फ जास्त वितळतो, त्यामुळे पाणी दुपारनंतर चढतं आणि पहाटे सगळ्यात कमी असतं. सहाऐवजी पाचला निघा, म्हणजे उजाडता उजाडता नदीपाशी असाल. आणि १० वाजता जिथे असाल तिथून फिरा, माथा समोर दिसत असला तरी. तुमच्या दीडपटीने माथ्यावर जायलाच साडेपाच तास जातील, म्हणजे बहुतेक माथा हुकणारच, ते आत्ताच मान्य करून टाका. १० ला फिरलात तर साडेबारापर्यंत नदी.

परतताना पाणी गुडघ्याच्या वर आणि जोरात असेल तर उतरू नका. पलीकडेच थांबून पहाटे या, गारठाल पण जिवंत राहाल. म्हणून इमर्जन्सी बॅग (आत शिरून रात्र काढायची ऊब धरणारी पिशवी) आणि एक जास्तीचा कोरडा लोकरी थर सॅकमध्ये हवाच, सुती कपडे नकोत. पार करताना बूट पायात ठेवा, सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, पडलात तर सॅक टाकून देता आली पाहिजे.

—

वरच्याला +१. फोन फ्लाइट मोडवर ठेवा, जीपीएस तरी चालतं, आणि थंडीत बॅटरी लवकर बसते म्हणून आतल्या खिशात. शिट्टीचा संकेत मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. घरी कोणालातरी वाट लिहून द्या, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलवायची तेही लिहा. तुम्ही रात्री नदीपलीकडे थांबू शकता हेही त्यांना सांगा नाहीतर उगाच धावपळ.

—

धन्यवाद दोघांनाही! मित्राला १० वाजताचं सांगितलं, जरा फुगलाय, पण नदीचं ऐकून गप्प झाला. घरच्या चिठ्ठीचं डोक्यातच नव्हतं, आज लिहितो. एकच राहिलं, दीडपट हिशोब उतरताना पण धरायचा ना? उतार चांगलाच तीव्र आहे.

—

धरायचाच, तीव्र उतारावर वेग मिळत नाही, आणि गुडघे तुम्हीच सांगितलेत.