सर्वांत बलाढ्य फॅक्शन कोणतं? माझं मोजमाप वेगळं आहे (वॉरहॅमर ४०,०००)

शेवटची_खंदक (धागाकर्ता)

वॉरहॅमर ४०,००० हा दूरच्या भविष्यातल्या युद्धांचा, छोट्या पुतळ्यांनी टेबलावर खेळायचा खेळ. तो खेळणारे चार जण जमले की कोणतं फॅक्शन, म्हणजे कोणती सेना, सर्वांत बलाढ्य हा वाद पेटतोच. एक जण प्रायमार्क (माणसांच्या सम्राटाने घडवलेले महायोद्धे) पुढे करतो, दुसरा नेक्रॉनांचं (धातूच्या देहांची प्राचीन जमात) तारे विझवणारं सेलेस्टियल ऑररी हे यंत्र काढतो, तिसरा म्हणतो केऑसच्या (वॉर्प नावाच्या दुसऱ्या मितीतल्या दुष्ट शक्तींच्या) चार देवांपुढे हे सगळे किरकोळ. मग ‘अमक्याने एकट्याने तमक्याला लोळवलं’ अशा कथांची फेकाफेक सुरू होते आणि प्रत्येक कथेत ज्याची कथा तोच जिंकलेला असतो.

मला हा हिशेबच चुकीचा वाटतो. सर्वोत्तम योद्धा किती जणांना मारतो, यावरून सेनेची ताकद कळत नाही. आपला एक माणूस पडला तर त्याची जागा भरायला किती वेळ लागतो आणि काय मोजावं लागतं, यावरून कळते.

स्पेस मरीनच घ्या, शरीरात बदल करून घडवलेले इम्पीरियमचे (माणसांच्या साम्राज्याचे) योद्धे. एका चॅप्टरमध्ये, म्हणजे त्यांच्या एका स्वतंत्र दलात, साधारण १,००० मरीन. त्यांच्या देहात प्रोजेनॉइड नावाच्या दोन ग्रंथी असतात. मानेतली ५ वर्षांनी पिकते, छातीतली १० वर्षांनी. मरीन पडला की अपोथेकरीने (त्यांच्या वैद्याने) भर लढाईत जाऊन त्या कापून आणायच्या, तेव्हा कुठे पुढच्या पोराच्या शरीरात बी रुजवता येतं. देहच हाती लागला नाही, तर तो वंश तिथेच खुंटला.

आता मॅक्रॅग आठवा. ७४५.एम४१, म्हणजे ४१व्या सहस्रकाचं ७४५वं वर्ष. बेहेमथ हा टायरानिडांचा (सगळं जीवन खाऊन टाकणाऱ्या परग्रही जीवांचा) ताफा अल्ट्रामरीन्स या चॅप्टरच्या घरावर, मॅक्रॅग ग्रहावर आला. ध्रुवावरचा किल्ला लढवताना पहिली कंपनी शेवटच्या माणसापर्यंत कापली गेली. चॅप्टरचे सगळ्यात अनुभवी लोक एका लढाईत संपले. समोर टायरानिड होते, जे स्वतःचे मेलेलेही परत खातात, त्याच मांसातून नवे घडवतात. ऑर्क हा हिरवा, लढाईखोर परग्रही मरताना बीजाणू सोडतो, रणभूमीच त्याचं शेत होते.

म्हणून माझी उतरंड: टायरानिड, मग नेक्रॉन (पडलेले पुन्हा उठतात), मग ऑर्क, मग इम्पीरियल गार्ड (इम्पीरियमची साध्या माणसांची फौज). स्पेस मरीन आणि एल्डारी (प्राचीन परग्रही जमात) तळाला. पटत नसेल तर कारणासकट सांगा.

निळा_खांदा

साफ असहमत. आणि मॅक्रॅगचं उदाहरण तुम्ही अर्धंच सांगितलंत.

पहिली कंपनी संपली, खरं आहे. पण बेहेमथ जिंकला का? नाही. त्या ताफ्याच्या मधोमध शिरून ‘डोमिनस अ‍ॅस्ट्रा’ या युद्धनौकेने स्वतःचं वॉर्प इंजिन फोडलं आणि टायरानिडांची हाइव्ह जहाजं तिच्यासकट गिळली गेली. एक जहाज, एक निर्णय, आणि ज्यांच्या भरपाईच्या ताकदीला तुम्ही पहिला नंबर दिलात त्यांचा अख्खा ताफा मोडला. खाली ध्रुवावर त्या शंभर जणांनी पाय रोवले नसते तर ही वेळ आलीच नसती.

मरीन हे रांगेत उभं राहून मरण्यासाठी नाहीतच. इम्पीरियममध्ये जगं सुमारे दहा लाख आणि मरीनही सुमारे दहा लाख. जगामागे एक! तुमच्या हिशेबाने हे साम्राज्य कधीच बुडायला हवं होतं. ते टिकलंय, कारण मरीन नेमके मर्मावर घाव घालतात. वॉरबॉस, म्हणजे म्होरक्या, मारला की ऑर्क आपापसात मुंड्या मोडतात. सिनॅप्स असलेला, म्हणजे बाकीच्यांना हुकूम पोचवणारा जीव पाडला की छोटे टायरानिड दिशाहीन होतात. हजार मारण्यापेक्षा जो एक मारल्याने हजार थांबतात तो एक ओळखता येणं, ही ताकद नाही तर काय?

माझं पहिलं मिनिएचर पहिल्या कंपनीचा टर्मिनेटर (जड चिलखतातला मरीन) होता. त्याचं पांढरं शिरस्त्राण मी तीनदा खरवडून पुन्हा रंगवलं, कारण ते डागाळलेलं मला बघवत नव्हतं. त्या लोकांना ‘भरून न येणारे’ म्हणून तळाला टाकणं मला मान्य नाही. भरून येत नाहीत म्हणूनच ते जपून आणि अचूक वापरले जातात.

फासे_बोलतात

दोघांचंही लोर (खेळामागची कथा) पाठ आहे, पण टेबलावर काय होतं ते कुणीच बघत नाही.

नियमांच्या ७व्या आवृत्तीपर्यंत लँड रेडर या मरीनांच्या रणगाड्याचं चिलखत १४ होतं. लासगन या गार्डच्या साध्या बंदुकीची ताकद ३, त्यात फाशाचे जास्तीत जास्त ६ मिळवा, ९ झाले. म्हणजे गार्डचे हजार शिपाई दिवसभर झाडत बसले तरी ओरखडा नाही. २०१७ला ८वी आवृत्ती आली आणि नियम बदलला: सहा पडला की कशालाही जखम होऊ शकते. मग २०२०मध्ये जुन्या मरीनांनाही एकाऐवजी दोन वूंड (किती जखमांनी पडतो तो आकडा) मिळाले. आधी उघड्यावरच्या एका मरीनला पाडायला सरासरी १८ लासगन फैरी लागायच्या, तेव्हापासून ३६. कथेत काहीही न घडता मरीन दुप्पट चिवट झाला. मग त्याची ‘खरी’ ताकद कुठली, १८ की ३६?

माझ्या मते टेबलावर आज जी आहे ती. बाकी सगळं ऐकीव.

१०व्या आवृत्तीतला माझाच एक डाव सांगतो. मधल्या ऑब्जेक्टिव्हवर (ताबा ठेवला की गुण देणाऱ्या जागेवर) समोरच्याचे पाच टर्मिनेटर, माझे दहा कॅडियन, म्हणजे गार्डचे शिपाई. त्याने माझे सात उडवले, माझ्याकडून त्याचा एकही पडला नाही. निम्म्याहून कमी उरले म्हणून बॅटलशॉकची, म्हणजे धीर सुटतो का याची, चाचणी आली, दोन फाशांत सात हवे होते. चार आणि तीन पडले. बरोब्बर सात. ऑब्जेक्टिव्ह कंट्रोल, म्हणजे जागा धरण्याचा आकडा, कॅडियनाचा २, टर्मिनेटरचा १. तीन दुणे सहा, समोर पाच. जागा माझी, गुण माझे. तिथे कोण बलाढ्य होतं, सांगा.

शेवटची_खंदक (धागाकर्ता)

@फासे_बोलतात, हा डाव वाचून अंगावर काटा आला, मी गार्डवालाच आहे. पण यातून तुमचा मुद्दा सिद्ध होत नाही. टेबलावर प्रत्येक योद्ध्याचे पॉइंट्स ठरलेले असतात आणि दोन्ही बाजूंना २,००० पॉइंट्सचीच सेना असते. पॉइंट्सचं कामच मुळी दोघांना एका पातळीवर आणणं. जो तराजू दोन्ही पारडी सारखी करण्यासाठी बनवलाय, त्यात जड कोण हे कसं कळणार? एका टर्मिनेटरच्या पॉइंट्समध्ये कॅडियनांची अख्खी रांग येते, हे मात्र तुमचं टेबलही सांगतं. तीच भरपाईची किंमत.

@निळा_खांदा, डोमिनस अ‍ॅस्ट्राचं मान्य, ते मी लिहायला हवं होतं. पण बेहेमथनंतर काय झालं? क्रॅकन आला. मग लेव्हायथन आला. हाइव्ह माइंडने (सगळ्या टायरानिडांच्या सामाईक मनाने) एक ताफा गमावला आणि त्यातून शिकून पुढचे पाठवले.

फासे_बोलतात

तराजूचं पटलं नाही. पॉइंट्स कुणीतरी ठरवतं आणि ते सतत बदलतात. ते भरपाईची किंमत मोजत नाहीत, तो युनिट एका डावात किती उपयोगी पडतो ते मोजतात. म्हणूनच तर एखादं नामवंत पात्र, जे विश्वात एकमेव आहे आणि ज्याची जागा कुणीच घेऊ शकत नाही, तेही ठरावीक पॉइंट्सला मिळतं.

थडग्यातला_पहारा

नेक्रॉनांना दुसऱ्या क्रमांकावर ठेवलंत म्हणून आनंद व्हायला हवा, पण तुमचं मोजमापच आमच्यावर येऊन मोडतं.

तुम्ही दोन गोष्टी एकत्र बांधल्यात: वेळ आणि किंमत. वेळ बघाल तर नेक्रॉनांच्या जवळपास कुणी नाही. तुटलेला हात सरपटत येऊन धडाला जुळतो, डाव संपायच्या आत योद्धा उभा. किंमत बघाल तर आमच्याइतकं दरिद्री कुणी नाही. सहा कोटी वर्षांपूर्वी बायोट्रान्सफरन्सच्या भट्ट्यांत नेक्रॉनटिर, म्हणजे नेक्रॉनांचे हाडामांसाचे पूर्वज, गेले आणि धातूचे होऊन बाहेर आले. त्यानंतर एकही मूल जन्मलेलं नाही. जे आहेत तेवढेच, आणि आकडा फक्त खालीच जातो. साध्या योद्ध्याचं मन तर त्या भट्टीतच जवळजवळ पुसलं गेलं. ज्या सरदारांचं शाबूत राहिलं तेही दीर्घ झोपेत आणि वारंवारच्या दुरुस्तीत झिजतात. देह परत येतो, आत कोण परत आलं ते सांगता येत नाही.

मग याला भरपाई म्हणायचं की हप्त्याहप्त्याने मरणं? टेबलावर रीअ‍ॅनिमेशनने योद्धा उठवताना मला दर वेळी हेच आठवतं. आणि केऑसच्या डीमनांना (वॉर्पमधल्या राक्षसांना) यादीतून वगळलंत, ते सोयीचं म्हणून का? ते तर मरतच नाहीत, वॉर्पमध्ये परत जातात.

हिरवी_लाट

धागाकर्त्यांशी सहमत, फक्त वरचा क्रम बदलायला हवा. ऑर्क पहिले!

ऑक्टेरियस बघा. इन्क्विझिटर (इम्पीरियमचा खास अधिकारी) क्रिप्टमनने लेव्हायथनची वाट अडवण्यासाठी आधी आपलीच जगं जाळली, म्हणजे ताफ्याला खायला काही उरू नये. त्यासाठी त्याला द्रोही ठरवलं गेलं. मग त्याने तो ताफा ऑर्कांच्या ऑक्टेरियस साम्राज्याकडे वळवला. हिशेब असा की दोघे एकमेकांना संपवतील. झालं उलटं. टायरानिडांना खायला संपता न संपणारं मांस मिळालं आणि ऑर्कांना मनासारखी लढाई. ऑर्क लढला की वाढतो, अंगानेही. दोघे फुगत गेले. टायरानिडांपुढे जग रिकामं होत जातं, ऑर्कांपुढे जाताना मात्र त्यांना दर वेळी जास्त मोठा ऑर्क भेटला.

निळा_खांदा

ऑक्टेरियसने माझंच म्हणणं सिद्ध केलं. दोन ‘न संपणाऱ्या’ सेना समोरासमोर आल्या आणि निकालच लागेना. निकाल लावायला कुणीतरी नेमकं मारणारं लागतं.

दगडातला_आवाज

एल्डारी तळाला, हे वाचून वाईट वाटलं, पण वाद घालणार नाही. फक्त एक गोष्ट राहून गेली ती सांगते.

क्राफ्टवर्ल्डवर (एल्डारींच्या प्रचंड जहाजांवर) जन्म विरळा. माणसं कमी पडली की एल्डारी आपल्या मेलेल्यांना उठवतात. छातीवरच्या स्पिरिट स्टोनमध्ये जपलेला आत्मा काढून रेथगार्ड नावाच्या कृत्रिम देहात बसवतात. तो दगड का असतो, तर मेल्यावर आत्मा स्लानेश या केऑसच्या देवाच्या तोंडी पडू नये म्हणून. म्हणजे जागा भरायची तर आजीला किंवा भावाला शांततेतून बाहेर काढून पुन्हा त्याच धोक्यात उभं करायचं. तेही ते करतात, पण शेवटचा उपाय म्हणून. ताकद मोजताना ‘भरून काढता येतं का’ एवढंच विचारलंत. ‘भरून काढायला मन धजतं का’ हेही विचारा. टायरानिडांना तो प्रश्न पडत नाही, म्हणून ते तुमच्या यादीत वर आहेत.

शेवटची_खंदक (धागाकर्ता)

@दगडातला_आवाज, यावर माझ्याकडे उत्तर नाही. वर लिहिताना मी किंमत म्हणजे माणसं आणि वर्षं एवढंच धरलं होतं.

@थडग्यातला_पहारा, तुमचा मुद्दा मान्य. नेक्रॉन दुसऱ्यावरून पार खाली येतात, एल्डारींच्या शेजारी. नवा जन्म नाही म्हणजे भरपाई नाही, नुसती डागडुजी. डीमनांना सोयीसाठी वगळलं नव्हतं. ते परत येतात हे खरं, पण इथे टिकायला त्यांना वॉर्पची वाट उघडी लागते. आता ग्रेट रिफ्ट या वॉर्पच्या भेगेने दीर्घिकाच उभी चिरलीये, तेव्हा त्यांना वर घ्यावंच लागेल. टायरानिडांच्या खाली की वर, ते अजून ठरत नाही.

मरीनांबाबत मात्र माघार नाही.

निळा_खांदा

मग प्रायमॅरिस, म्हणजे सुधारलेले नवे मरीन? अल्ट्रामरीन्सचा प्रायमार्क गिलिमन उठला आणि काउल या इम्पीरियमच्या शास्त्रज्ञाने त्याच्यापुढे नव्या मरीनांच्या अख्ख्या फौजा उभ्या केल्या. कितीतरी खचलेले चॅप्टर त्यातून पुन्हा भरले, नवे उभे राहिले. तुमच्याच मोजमापाने मरीन वर जायला हवेत.

शेवटची_खंदक (धागाकर्ता)

त्या फौजा तयार करायला काउलला दहा हजार वर्षं लागली. त्या परत एकदा संपल्या तर?