२०१८ ची होंडा सिटी (पेट्रोल, मॅन्युअल) सेकंडहँड घेतेय : पंपाचा रिकॉल आणि पुढून येणारा आवाज, जाणकारांनी सांगा

साताऱ्याची_लेक

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्याला राहते. कामासाठी पुण्याला वरचेवर जाणं होतं, बहुतेक वेळा एकटीच चालवते. पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडे सिटी बघून आले. चौथ्या पिढीची, पेट्रोल, पाच गिअरची मॅन्युअल. आरसीवर बनावटीचा महिना मार्च २०१८ आहे आणि नोंदणी जूनची. मीटरवर ६८ हजार, मालक एकच. गाडी मला मनापासून आवडली आहे. हायवेवर धरून चालते आणि डिकी भरपूर मोठी आहे.

चालवून बघितली तेव्हा तीन गोष्टी खटकल्या :

१. डाव्या बाजूला पुढून खडखड येते. मोठ्या खड्ड्यात नाही, सोसायटीतल्या छोट्या छोट्या स्पीडब्रेकरांवर हळू जाताना येते.

२. एसी लावल्यावर गार व्हायला बराच वेळ लागला. डीलर म्हणाला, गॅस भरून देतो.

३. या गाड्यांच्या टाकीतल्या पेट्रोल पंपाचा रिकॉल झाला होता, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावल्या होत्या असं वाचलं, म्हणून विचारलं. त्यावर त्याने सांगितलं, "मॅडम, रिकॉल पहिल्या मालकालाच असतो, आणि त्याला आता दोन वर्षं होत आली, सोडून द्या."

पहिल्या दोन गोष्टींचा खर्च करायची माझी तयारी आहे. तिसरीने मात्र झोप उडवली आहे. पुण्याहून येताना वाटेत खंबाटकी घाटाचा चढ लागतो. मागे मालाने भरलेला ट्रक असताना त्या वळणांवर इंजिन बंद पडलं तर काय करायचं? टोकन अजून दिलेलं नाही. या आठवड्यात ठरवायचं आहे.

---

बिनधास्त_ड्रायव्हर

घेऊन टाका ताई. सिटीचं पेट्रोल इंजिन म्हणजे डोळे झाकून घ्यायची वस्तू. रिकॉल वगैरे कंपन्या सावधगिरी म्हणून काढतात. आठ वर्षं चालली ना गाडी? पंप जायचा असता तर आत्तापर्यंत गेला असता. खडखड आहे ती लिंक रॉडची (पुढच्या सस्पेन्शनमधली जोडणारी दांडी), किरकोळ काम.

---

मिरजेचा_मिस्त्री

ताई, मिरजेत माझं गॅरेज आहे. होंडाच्या गाड्या कायम हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पंपाचं. वरच्या भाऊंचं इंजिनाबद्दलचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. पंपाबद्दलचं अजिबात मान्य नाही. पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. त्यात एक प्लॅस्टिकची छोटी चकती फिरते, तिला इम्पेलर म्हणतात. रिकॉलमधल्या पंपांच्या चकतीचं प्लॅस्टिक कमी घनतेचं निघालं. असं प्लॅस्टिक हळूहळू पेट्रोल शोषतं आणि फुगतं. फुगलं की पंपाच्या आतल्या भिंतीला घासायला लागतं, पंप जड फिरतो आणि एखाद्या दिवशी अडकतो. इंजिन चालता चालता बंद पडतं, नाहीतर सेल्फ मारून मारून चालूच होत नाही. म्हणजे हा दोष वयाबरोबर वाढणारा आहे. "आठ वर्षं चालली" हे इथे गाडीच्या बाजूने बोलत नाही, उलट बोलतं.

आणि एक. कुठलाही मिस्त्री प्रेशर गेज लावून "पंप ओके" म्हणाला तर तेवढ्यावर जाऊ नका. गेज आजचं प्रेशर दाखवतं. आतली चकती किती फुगली आहे ते गेजला कळत नाही. गाडी सुरळीत चालत असतानाच पंप बदलायचा असतो, रिकॉलचा अर्थच तो.

भारतात हा रिकॉल टप्प्याटप्प्याने झाला. जून २०२० मध्ये २०१८ साली बनलेल्या ६५,६५१ गाड्या बोलावल्या. एप्रिल २०२१ मध्ये जानेवारी २०१९ ते सप्टेंबर २०२० मधल्या ७७,९५४. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये आणखी ९२,६७२, त्यातल्या बहुतेक ऑगस्ट २०१७ ते जून २०१८ या काळात बनलेल्या. तुमची मार्च २०१८ ची आहे, म्हणजे ऐन त्या पट्ट्यात येते. नोंदणी जूनची आहे त्याला अर्थ नाही, बनावटीचा महिना बघायचा. अर्थात महिना जुळला म्हणजे प्रत्येक गाडी त्यात आहेच असंही नाही. ते फक्त चॅसी नंबर सांगतो.

२०२४ च्या आकड्यात २,२०४ पंप असे होते की जे जुन्या गाड्यांसाठी सुटे पार्ट म्हणून विकले गेले होते. त्यामुळे कोणी "अहो, पंप मागेच नवीन टाकलाय" म्हटलं तरी कधी टाकला आणि कुठून आणला हे विचारायचं.

"रिकॉल पहिल्या मालकालाच" हे साफ खोटं. रिकॉल माणसाच्या नावावर नसतो, चॅसी नंबरवर असतो. मालक दुसरा असो की चौथा, काम बाकी असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये पार्ट आणि मजुरी दोन्ही फुकट. होंडाच्या वेबसाइटवर सतरा अक्षरी नंबर टाकला की काम बाकी आहे का ते दिसतं. तो MAK ने, म्हणजे एम-ए-के या अक्षरांनी सुरू होतो. नंबर टाकताना लक्षात ठेवा, चॅसी नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत. गोल दिसलं की ते शून्य समजा. निम्मे लोक इथे चुकतात आणि "नंबर सापडत नाही" म्हणून सोडून देतात. आरसीवरचा नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर एकच आहे ना, तेही त्याच वेळी बघून घ्या.

आता आवाज. छोट्या स्पीडब्रेकरावर हळू जाताना खडखड म्हणजे बहुतेक लिंक रॉडच, म्हणजे स्टॅबिलायझर लिंक. खात्री करायची तर गाडी लिफ्टवर न घेता जमिनीवरच राहू द्या. पुढचं चाक वळवून ठेवा, एकाने बॉनेटच्या कोपऱ्यावर जोर देऊन गाडी हलवायची आणि दुसऱ्याने लिंकच्या टोकाला बोटं लावायची. बॉल ढिला झाला असेल तर बोटाला टकटक जाणवते. दोन्ही बाजूंच्या लिंक जोडीने बदला, काही हजारांचं काम आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. मोठ्या खड्ड्यात 'धप्' वाजलं तर शॉकअप किंवा त्याचं वरचं माउंट. ब्रेक मारताना एकदाच 'टक्' झालं तर लोअर आर्मचा बुश. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर पुढून 'टुंग' वाजलं तर वरचं बेअरिंग. आपल्या रस्त्यांवर ६८ हजारांत यातलं काहीतरी निघणारच. ते घिसाई आहे, त्याचा रिकॉलशी संबंध नाही. भावात वजा करून घ्यायची गोष्ट आहे.

एसीचं मात्र हलक्यात घेऊ नका. गॅस भरून देतो हे उत्तरच नाही. एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय. पुढच्या जाळीतून बॅटरी मारून कंडेन्सर (एसीचा गॅस थंड करणारा, रेडिएटरसारखा भाग) बघा. गळतीच्या जागी तेलकट डाग असतो आणि त्यावर धूळ चिकटून काळं झालेलं असतं. तिथे सापडलं तर उत्तम, समोरचं काम आहे. तिथे नसेल आणि गळती कूलिंग कॉइलमध्ये निघाली तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो, मजुरीच भरपूर होते. डॅशबोर्ड एकदा उघडला की पुढे क्लिपांचे आवाज मागे लागण्याची शक्यता असते. टोकन देण्याआधी नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट करून घ्या. डीलर नाही म्हणाला तर कॉइलचा खर्च धरूनच भाव बोला.

सकाळी गाडी पूर्ण थंड असताना जा आणि त्याला सांगून ठेवा की आधी चालू करू नका. थंड इंजिनात टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) टकटक थोडी ऐकू आली तर घाबरू नका. या इंजिनाचे टॅपेट हाताने सेट करावे लागतात, दर ४० हजारांच्या आसपास तपासून घ्यायचे. अगदीच शांत इंजिन म्हणजे चांगलं, असंही नसतं. व्हॉल्व्ह टाइट झाले की आवाज येत नाही, पण एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि हळूहळू जळतो. हे सीएनजीवर चाललेल्या गाड्यांत जास्त. म्हणून डिकीतला गालिचा उचला आणि पत्र्याला बोल्टची भोकं आहेत का, रबरी बुचं मारलेली आहेत का ते बघा. किट काढून विकलेल्या गाड्या बाजारात पुष्कळ आहेत. तशी भोकं दिसली तर मी म्हणेन, पुढची गाडी बघा.

टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही, त्यामुळे तो खर्च नाही. क्लच बघायला चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि गाडी मागे राहिली तर क्लच संपत आलाय.

---

कोकणगाडी

मिस्त्रींनी लिहिलेल्या "चौथा मालक असो" याला दुजोरा. माझ्याकडे रत्नागिरीत २०१२ ची, आधीच्या पिढीची सिटी आहे आणि मी तिसरा मालक. एअरबॅगच्या रिकॉलचं काम बाकी दिसत होतं. सर्व्हिस सेंटरमध्ये आरसी दाखवली, इन्फ्लेटर (एअरबॅगच्या फुग्यात गॅस सोडणारी डबी) बदलून मिळाला, बिल शून्य. पहिला मालक कोण हे कोणी विचारलंही नाही.

हे मुद्दाम लिहितोय, कारण साताऱ्याच्या ताईंसारखे लोक बजेट कमी करत करत २०१२-१३ च्या गाडीपर्यंत येतात. त्या गाड्यांत ताकाता कंपनीच्या एअरबॅगचा प्रश्न आहे. त्या डबीत अमोनियम नायट्रेट भरलेलं असतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा मिळाला की ते बिघडतं. मग धडकेच्या वेळी इतक्या जोरात पेटतं की धातूची डबी फुटून तिचे तुकडे समोरच्या माणसावर येतात. जगभर यात माणसं गेली आहेत. होंडाने भारतात जानेवारी २०१७ मध्ये २०१२ सालच्या ४१,५८० आणि जानेवारी २०१८ मध्ये २०१३ सालच्या २२,८३४ गाड्या यासाठी बोलावल्या, त्यात सिटी होती. कोकण, मुंबई, गोवा इथली हवा बघता किनारपट्टीच्या लोकांनी तर हे आजच्या आज तपासावं. पंप गेला तर गाडी थांबते. इथे ज्याने जीव वाचवायचा तेच जिवावर उठतं.

---

डिझेलवाला_जालना

डिझेल सिटी बघणाऱ्यांसाठी थोडक्यात : डिसेंबर २०१३ ते जुलै २०१५ मधल्या ६४,४२८ डिझेल सिटी फ्युएल रिटर्न पाइपसाठी डिसेंबर २०१५ मध्ये बोलावल्या होत्या. पाइप निसटून इंजिन बंद पडण्याचा धोका होता. जुनं काम आहे म्हणून झालंच असेल असं धरू नका, नंबर टाकून बघा.

---

बिनधास्त_ड्रायव्हर

चकती फुगते हे खरंच माहीत नव्हतं. माझ्या भावाची २०१९ ची होंडा अमेझ आहे, तिचा नंबर आज टाकून बघतो.

---

साताऱ्याची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. डीलरकडून आरसीचा फोटो मागवला आणि नंबर टाकला. पंप बदलायचं काम बाकी दाखवतंय! डीलरला स्क्रीनशॉट पाठवला, आता तो म्हणतोय, "तुम्ही गाडी घ्या, मग साताऱ्यात निवांत करून घ्या, फुकटच आहे ना." डिकीतला गालिचा उचलायला काल माझा भाऊ जाऊन आला, भोकं नाहीत. कंडेन्सरवर खालच्या कोपऱ्यात काळा तेलकट डाग आहे, फोटो काढून आणलाय.

मिस्त्रीदादा, दोन प्रश्न. पंप त्याच्याकडूनच करून घेऊ की मी घेतल्यावर करू? आणि देव न करो, घाटात बंद पडलीच तर त्या क्षणी काय करायचं?

---

मिरजेचा_मिस्त्री

ताई, डाग कंडेन्सरवर आहे हे बरं झालं. तरी प्रेशर टेस्ट सोडू नका. दोन ठिकाणी गळती असू शकते.

पंप त्याच्याकडूनच. तुम्हाला ती गाडी पुण्याहून साताऱ्याला, खंबाटकी चढवून आणायची आहे. न बदललेला पंप घेऊन तो घाट कशाला चढायचा? पार्ट येईपर्यंत दोन-चार दिवस थांबायला लागलं तर थांबा. टोकनच्या पावतीवर लिहून घ्या, "पंपाचा रिकॉल पूर्ण करून गाडी ताब्यात देणार". सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डाची प्रत मागा, त्यावर चॅसी नंबर आणि बदललेला पार्ट दोन्ही असले पाहिजेत. मग वेबसाइटवर नंबर पुन्हा टाका आणि बाकी काम दिसत नाही हे बघूनच उरलेले पैसे द्या.

घाटाबद्दल. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग एकदम जड होतं, पण फिरतं. दोन्ही हातांनी ताकद लावा. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमध्ये साठलेली हवेची ओढ एक-दोन दाबांपुरती असते. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून सोडू नका, एकदाच घट्ट दाबून धरा. हजार्ड लावा, डावीकडे कडेला घ्या. चढावर थांबलात तर हँडब्रेक ओढा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका. चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होतं. मग उतरून डाव्या बाजूला कठड्याच्या पलीकडे उभं राहा आणि तिथून मदतीला फोन करा. गाडीत बसून सेल्फ मारत राहू नका, मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला वळणापलीकडचं दिसत नसतं.

लिंक रॉडच्या कामाला पुण्यात कोणी अवाच्या सवा सांगितलं तर कोटेशनचा फोटो इथे टाका, बघून सांगतो.